तुम्ही विचारलंत म्हणून: टेबल कधी करायला मिळेल?

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या लाकूडकामाच्या मंडळात नवीन माणूस आला की तो हत्यारे टांगलेल्या भिंतीकडे एकदा डोळे भरून पाहतो आणि मग जवळजवळ ठरलेला प्रश्न विचारतो: टेबल कधी करायला मिळेल? कुणाला ते मुलीच्या अभ्यासासाठी हवे असते, कुणाला बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, चहाचे कप ठेवण्यासाठी, तर कुणाला दुकानातल्या भुशाच्या बोर्डाच्या टेबलाचा वीट आलेला असतो. नवख्यांचा वर्ग मी घेते, त्यामुळे उत्तर देण्याचे काम माझ्याकडे येते, आणि माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. एक पावसाळा जाऊ द्या, असे मी सांगते. हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते याची मला कल्पना आहे, म्हणून त्यामागचे कारण एकदा सविस्तर लिहून ठेवते.

लाकूड कापले, वाळवले, वर पॉलिश चढवले, तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे ते थांबवत नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कोरड्या दिवसांत घरातल्या लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ऐन आषाढ-श्रावणात ते १७-१८ टक्क्यांपर्यंत चढते. या पाण्याने लाकडाची लांबी जवळजवळ बदलत नाही, वाढते ती रुंदी, आणि रुंदीतही फळी ओंडक्यातून कशी काढली आहे यावर बरेच अवलंबून असते: ओंडक्यातल्या वाढीच्या वर्तुळांना स्पर्श करून आडवी काढलेली फळी, गाभ्यापासून सालीच्या दिशेने काढलेल्या फळीपेक्षा साधारण दुप्पट फुगते. सागवान या बाबतीत शहाणे समजले जाते, तरीही आडव्या कापाच्या सागवानी फळ्या जोडून केलेला ६० सेंटिमीटर रुंदीचा टेबलाचा पृष्ठभाग कोरड्या दिवसांपासून भर पावसाळ्यापर्यंत पाच-साडेपाच मिलिमीटर वाढतो. तो खालच्या चौकटीला स्क्रूंनी आणि गोंदाने घट्ट आवळून टाकला असेल, तर वाढायला जागा न मिळाल्याने मधोमध उचलला जातो किंवा चौकटीचे सांधे ढकलून उघडतो, आणि पुढे दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की आकसता न आल्यामुळे तडकतो. मार्च महिन्यात सुबक दिसणाऱ्या टेबलाविषयी म्हणूनच मला काहीही सांगता येत नाही. त्याची परीक्षा अजून व्हायची असते.

गोव्यातील जुन्या घरांचे दरवाजे पाहा. चारी बाजूंची चौकट अरुंद पट्ट्यांची असते आणि मधली रुंद फळी चौकटीच्या आतल्या खाचेत नुसती सरकवलेली असते. तिला गोंद नाही, खिळा नाही. पावसाळ्यात फळी खाचेच्या आत वाढते, उन्हाळ्यात आत आकसते, आणि दरवाज्याचे माप फारसे बदलत नाही. कधी कधी उन्हाळ्यात त्या फळीच्या कडेला रंग न लागलेली बारीक पट्टी उघडी पडलेली दिसते. फळी किती हलते याचा तो घरोघरी उपलब्ध असलेला पुरावा आहे. च्यारी या सुतारांच्या घराण्यांतल्या मेस्तांना, म्हणजे मुरलेल्या कारागिरांना, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या घरचा मुलगा बापाबरोबर कामावर जाता-जाता, कोणत्या फळीला किती जागा सोडायची हे कुणी समजावून न सांगता शिकत असे. आमच्याकडे येणारे निवृत्त बँक कर्मचारी, कॉलेजची मुले, गृहिणी आणि एक-दोन डॉक्टर यांना तेवढी वर्षे देणे शक्य नाही. वर्गाला फार तर एक गोष्ट करता येते, ती म्हणजे शिकण्याचा क्रम नीट लावणे, आणि आमचा क्रम टेबलाकडे पाटावरून जातो.

पण पाटाच्याही आधी धार येते. पहिल्या वर्गात लाकडाला कुणी हात लावत नाही. प्रत्येकाला एक पटाशी आणि रंध्याचे एक पाते मिळते. पात्याची पाठ दगडावर सपाट करायची, २५ अंशांचा उतार नीट घासायचा, टोकाशी ३० अंशांवर बारीक धार काढायची आणि कागदाची कड सरसर कापली जाते का ते पाहायचे. एवढ्यात सकाळ संपते. ज्यांना कंटाळा येतो ते याच टप्प्यावर येणे थांबवतात, आणि खरे सांगायचे तर त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण बोथट पटाशी ही धारदार पटाशीपेक्षा अधिक घातक असते. तिच्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली पटाशी निसटली की कुठे जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

मग पाट. पाहुण्याला बसायला देतो तो, किंवा चतुर्थीला मूर्ती ठेवतो तो, साधा बुटका पाट. ‘पाट करायला कशाला शिकायचे?’ असे ज्यांच्या चेहऱ्यावर दिसते, त्यांना मी तो उलटा करून दाखवते. वर ३० सेंटिमीटर रुंदीची फळी असते आणि तिच्याखाली तिच्या रेषेला, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेला, काटकोनात बसवलेल्या दोन आडव्या पट्ट्या असतात. म्हणजे रुंद फळी हलणार आणि तिच्याखालचा आधार हलणार नाही, हा टेबलाचा सगळा पेच वीतभर उंचीत इथे हजर असतो. आम्ही फळीच्या पाठीवर तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच काढतो, पट्टीची कड तशाच उलट आकारात तासतो आणि पट्टी एका बाजूने ठोकत ठोकत आत सरकवतो. खाच एका टोकाकडे किंचित निमुळती ठेवली की शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात पट्टी घट्ट होते. गोंद लावायचाच असेल तर फक्त मध्यावर, एका ठिपक्याएवढा. फळी मग दोन्ही बाजूंना मोकळेपणाने वाढते आणि पट्टी तिला वाकू देत नाही. हा सांधा नवख्याच्या हातून पहिल्या खेपेस सहसा जमत नाही. रेघ पेन्सिलीने न ओढता सुरीने ओढली आणि गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) प्रत्येक वेळी फळीच्या एकाच कडेला टेकवला, तर दुसऱ्या खेपेस बराच जमतो. मापाच्या पट्टीपेक्षा एकाच कडेवर विश्वास ठेवायचा, हे आमच्या मेस्तांचे सांगणे आहे आणि वर्गात मी ते सर्वांत जास्त वेळा उच्चारते.

पाटासाठी आम्ही शक्यतो फणसाचे लाकूड देतो. ताजे कापलेले फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे दिसते आणि काही वर्षांत ते तपकिरी होत जाते. पण निवडीचे कारण रंग नाही. फणसाची रेषा कित्येकदा एकाच फळीत उलटसुलट वळते, त्यामुळे रंधा एका दिशेने लोण्यासारखा चालतो आणि हातभर पुढे गेल्यावर अचानक लाकूड उचकटू लागतो. तेव्हा थांबून, फळीच्या कडेवरची रेषा वाचून, दिशा बदलावी लागते. सरळ रेषेच्या सागवानावर शिकलेल्या माणसाला ही सवय लागत नाही. शिवण त्याहून मऊ आणि हलकी, तेव्हा मुलांच्या वर्गात ती वापरतो.

आता एक आक्षेप, जो हुशार लोक लगेच घेतात: मग प्लायवुड का वापरत नाही? त्यांचे म्हणणे चूक नाही. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक थर दुसऱ्याला हलू देत नाही, आणि म्हणून त्या टेबलाला पावसाळ्याचे फारसे काही वाटत नाही. ज्याला केवळ टेबल हवे आहे त्याने जरूर चांगले प्लाय आणावे. यंत्राच्या करवतीवर ते कापून द्यायला आमचे जाणकार सभासद तयार असतात आणि दोन रविवारांत काम होते. नवख्याला मात्र ती करवत एकट्याने चालवू देत नाही. फिरत्या पात्यामागे लाकूड चिमटले गेले तर ते उसळून थेट माणसाच्या अंगावर येते, आणि हा धोका रेषा, ताण आणि ओलावा समजल्याशिवाय आधी ओळखता येत नाही. हातमोजे घालून ती चालवणे सुरक्षित आहे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात मोजा पात्यात अडकला तर हात आत ओढला जातो.

पावसाळ्याचे चार महिने वर्ग बंद असतो, असेही काहींना वाटते. उलट त्या काळात शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. नवीन मोठे काम तेव्हा हाती घ्यायचे नाही, एवढाच नियम आहे; दुरुस्तीला तो हंगाम उत्तम. लोक सैल झालेल्या विळ्या आणतात, वेताची वीण तुटलेल्या खुर्च्या आणतात, आजीच्या काळातला पाळणा आणतात. जुन्या खुर्च्यांचे सांधे बहुधा सरसाने चिकटवलेले असतात, आणि उष्ण पाण्याने व वाफेने सरस मऊ होतो, त्यामुळे जुनी खुर्ची न मोडता सुटी करता येते, साफ करून पुन्हा जोडता येते. मध्येच कुणीतरी तिच्यावर पांढरा आधुनिक गोंद ओतून ठेवलेला असेल तर मात्र ते काम कटकटीचे होते. शिवाय सांध्यात खिळा ठोकलेला असेल, तर विचारूच नका. सुट्या केलेल्या खुर्चीकडे पाहून नवखा माणूस जेवढे शिकतो तेवढे मला फळ्यावर आकृती काढून शिकवता येत नाही: कुसू, म्हणजे भोकात शिरणारे पट्टीचे तासलेले टोक, किती जाड ठेवले, भोक आरपार आहे की अर्धवट, पाचर कोणत्या दिशेने ठोकली. पाचर नेहमी भोकाच्या लांबट बाजूंच्या टोकांकडे, म्हणजे रेषेच्या दिशेने ताण देणारी हवी. आडवी ठोकली तर तीच पाचर खुर्चीचा पाय उभा चिरते.

श्रावणात माटोळीच्या चौकटी होतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड आणि रानातली फळे बांधतात, त्यामुळे ती दिसायला साधी जाळी असली तरी तिला बराच भार पेलावा लागतो. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींतून अर्धी-अर्धी जाडी काढून त्या एका पातळीत बसवायच्या असतात. एका चौकटीत हा सांधा इतक्या वेळा येतो की तिसऱ्या-चौथ्या पट्टीपर्यंत हात आपोआप नीट करवत धरू लागतो. शिवाय घरच्यांना लगेच उपयोगी पडणारी वस्तू होते, आणि ‘दर रविवारी तिथे जाऊन काय करता?’ या घरातल्या प्रश्नाला परस्पर उत्तर मिळते.

धुळीविषयी थोडक्यात, पण आग्रहाने. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, तेव्हा घासकाम करताना मास्क न घालणाऱ्याला आम्ही शेडबाहेर बसवतो, वय कितीही असो. तसेच जवसाच्या तेलाने पॉलिश करताना वापरलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकायचा नाही. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्या दोरीवर पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवायच्या.

लाकूड कुठून येते, हा टेबलाच्या प्रश्नाचाच दुसरा भाग आहे. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार, स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे बहुतेक लाकूड पाडलेल्या जुन्या घरांच्या वाशांतून किंवा वादळात पडलेल्या झाडांतून येते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने ठिकठिकाणी आंबे, फणस उन्मळून पडले. त्यांतले काही ओंडके सभासदांनी रीतसर विचारून आणले, फाडून घेतले आणि शेडच्या मागच्या बाजूला रचले. रचण्याची पद्धत ठरलेली आहे: फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण लावायचे, कारण टोकांतून पाणी भराभर जाते आणि तिथेच चिरा पडतात, दोन फळ्यांमध्ये समान अंतरावर एकाच जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या, वर वजन ठेवायचे, पाऊस आत येऊ द्यायचा नाही आणि वारा अडवायचा नाही. फळीच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा वाळण्याचा ढोबळ हिशेब सांगतात.

म्हणून टेबल हवे असलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी शेडच्या मागे नेते. तिथल्या रचलेल्या फळ्यांतून त्याने आपल्या टेबलाच्या फळ्या निवडाव्यात, टोकावर खडूने नाव आणि आजची तारीख घालावी, आणि महिन्यातून एकदा त्यांचे वजन करून वहीत लिहावे. वजन घटायचे थांबले आणि मधला पावसाळा उलटून गेला की त्याच फळ्या आम्ही बाकावर घेतो. तोवर त्याचा पाट झालेला असतो, एखादी खुर्ची सुटी करून झालेली असते आणि धार लावायला तो मला विचारत नाही. पुढच्या वर्गाला येताना बंद बूट घाला आणि सैल ओढणी किंवा लांब बाह्या टाळा. पटाशी मंडळाची मिळेल, वही मात्र स्वतःची आणा.