भिरंडेलाचा पापुद्रा

थंडीत टाचा फुटल्या की आजी भिरंडेलाचा गोळा काढायची. कोकमाच्या बियांचं तेल, पण हाताला मेणासारखं घट्ट. वितळायला सुमारे ४० अंश लागतात. सध्या प्रयोगशाळेत मी त्याचेच स्फटिक वाढवतेय.

थोडं भिरंडेल कोमट ॲसिटोन या द्रावकात (चरबी विरघळवणाऱ्या द्रवात) विरघळवलं (गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, आच लांबच, ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं) आणि दोन बाटल्या केल्या. एक थेट बर्फात. तिच्यात क्षणात पांढरा गाळ बसला. दुसरी टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी अभ्रकासारखं चमचमत होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या बाटलीत नुसते केसाळ गोंडे दिसले. दुसरीत लांब सुया दिसल्या म्हणून मी वहीत ‘सुया’ लिहूनही टाकलं. मग काच हळूच टिचकीनं हलवली, आणि एक सुई आडवी पडून रुंद झाली. पातळ पापुद्रा होता तो, कडेवर उभा! वहीतला शब्द खोडला.

पापुद्राच का? चरबीचे रेणू लांब शेपट्यांचे. ते काड्यांच्या जुडीसारखे एकमेकांना खेटून बसतात, त्यामुळे जुडीच्या बाजूंना नवा रेणू पटकन चिकटतो, शेपट्यांच्या टोकांवर मात्र सावकाश. आणि जी बाजू सावकाश वाढते तीच शेवटी रुंद दिसते. मला हे पटायला वेळ लागला, पण भराभर वाढणारी बाजू पुढे पळत स्वतःच निमुळती होते. द्रावकाचे रेणू एखाद्या बाजूला चिकटून राहिले की तिची वाढ मंदावते आणि आकार बदलतो.

ॲसिटोनऐवजी हेक्झेन हा दुसरा द्रावक घेतला, तर प्रकार वेगळाच. तो स्वतःच शेपटीसारखा, चरबीला सोडायला तयार नाही. स्फटिक पडायला बाटली फ्रीजरमध्ये ठेवावी लागली.

तुपाचं गणित हेच. त्यातला पातळ भाग हाच घट्ट भागाचा द्रावक. कढवलेलं तूप ओट्यावर सावकाश निवालं तर रवाळ होतं. गरमागरम बरणी फ्रीजमध्ये ढकलली की रवा धरत नाही, गुळगुळीत होतं.

आजी कुटलेल्या बिया पाण्यात उकळून भांडं झाकून ठेवायची आणि रात्रभर कुणाला हलवू द्यायची नाही. सकाळी वर आलेली साय काढून गोळे वळायची. येत्या मे महिन्यात त्या सायीचा एक तुकडा काचेवर ठेवून बघणार आहे.