नवरीच्या लाईटात पत्रावळ

"ओ फोटोवाले, लग्नं काढायची सोडून हे कचऱ्याचे फोटो कसले काढत बसलाय?"

वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी हे ऐकतो. स्टुडिओच्या आतल्या भिंतीवर मी चार मोठे प्रिंट लावलेत. अल्बम ठरवायला आलेली माणसं आधी नवरीचे फोटो बघतात, मग नजर तिकडं जाते आणि तोंड जरा आंबट होतं. कुणी हळूच विचारतं, "ह्याचे पैसे मिळतात काय?" मिळत नाहीत. एरवी "असंच, छंद" म्हणून मी वेळ मारून नेतो. पण गेल्या आठवड्यात एका नवरदेवाचे आजोबा खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "सांगा बघू आता." मला धड सांगता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, आजोबा, सवडीनं लिहितो.

आमचा स्टुडिओ बेळगावातल्या शहापुरातला, वडिलांपासूनचा. मागच्या खोलीत डार्करूम होती. लाल दिवा आणि ओळीनं ट्रे, शेवटचा हायपोचा. फोटो पक्का करायचं काम हायपोचं. कागदावरची जी चांदी उजेड न लागल्यानं कामाला आली नाही, ती तो स्वतःत विरघळवून घेतो. म्हणजे वापरून झालेल्या हायपोत खरोखरची चांदी असते. तरी कित्येक वर्षं तो ट्रे आमच्याकडं सरळ मोरीत उपडा व्हायचा. मग एक कारागीर यायला लागला. महिन्यातून एकदा कॅन न्यायचा, चांदी काढायचा, वडिलांच्या हातावर थोडे पैसे ठेवायचा. त्यानंतर हायपोचा थेंबही मोरीत गेला नाही. नाल्याचा विचार तेव्हाही कुणाच्या डोक्यात नव्हता, भाव कळला एवढंच.

शहापूर-वडगावच्या मोऱ्या शेवटी बळ्ळारी नाल्याला मिळतात. तेव्हा कचऱ्यावर बोलायचा मला मोठा अधिकार आहे असं समजू नका. वडील छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचे. मी एका लग्नात तीन-साडेतीन हजार फोटो पाडतो, अल्बममध्ये दोनशे जातात, बाकीचे हार्डडिस्कवर पडून. अल्बमच्या पानावरही प्लॅस्टिकचा थर असतोच. पाण्यानं, वाऱ्यानं फाटायची ती पानं आता नाहीत; न फाटणारा अल्बम द्या, हीच गिऱ्हाइकाची मागणी.

सुरुवात एका मे महिन्यात झाली. दुपारची शेवटची पंगत उठली होती, नवरा-नवरी जेवायला बसायची होती आणि मी लाईट लावून तयार होतो. समोरच्या टेबलावर कुणाची तरी पत्रावळ तशीच पडलेली. चंदेरी कागदाची, पानाची नव्हे. मसालेभाताचा ढीग, त्याला बोटही लागलेलं नाही. एक अख्खी जिलेबी. भातात आडवी खोचलेली पाण्याची छोटी बाटली, दोन घोट प्यालेली. नवरीसाठी लावलेला मऊ लाईट त्या पत्रावळीवर पडला होता आणि जिलेबी सोन्यासारखी चमकत होती. मी फोटो काढला. भिंतीवरचा पहिला तो.

तेव्हापासून नेम एकच ठेवला: नवरीला जी लेन्स, जो लाईट, जेवढा वेळ, तेवढाच पत्रावळीला. कचरा म्हणून काळपट, भेसूर करून दाखवायचा नाही. तसा दाखवला की बघणारा "शी!" म्हणतो आणि सुटतो, तो कचरा दुसऱ्या कुणाचा तरी होतो. लग्नाच्या लाईटात दाखवला की लग्न ओळखू येतं.

आमच्याकडच्या पंगतीत वाढप्याला दोन भाषांत थांबवतात. मराठी माणूस पानावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणतो, कन्नड माणूस "साकु, साकु". बेळगावच्या वाढप्याला दोन्ही येतात आणि दोन्ही ऐकू येत नाहीत.

क्रिस जॉर्डन नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरचं २००७ सालचं एक काम आहे. लांबून बघितलं तर नुसता रंगीत धुरळा. जवळ गेलं की बाटल्या दिसायला लागतात, वीस लाख. अमेरिकेत त्या वेळी दर पाच मिनिटाला एवढ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या. वीस लाख हा आकडा कानावरून जातो. पण डोळ्यांनी एकेक बाटली बघत निघालात तर तुम्ही दमता, आणि त्या दमण्यातच ते चित्र आहे.

मला वीस लाख नको होत्या, एक लग्न पुरे होतं. कार्यालयाच्या झाडूवाल्या बायकांना म्हटलं, तासभर काही उचलू नका. मी आणि माझा पोऱ्या, दोघांनी मांडवातल्या बाटल्या गोळा करून स्टेजच्या लाल गालिच्यावर ओळीनं मांडल्या. चारशेच्या पुढं गेल्यावर मोजायचं सोडलं, कंबर धरली. निम्म्याहून जास्त बाटल्यांत पाणी होतंच. ते बादलीत ओतत गेलो, तर तीन बादल्या भरून चौथी लागली. बाहेर तेव्हा बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी किती उतरली याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. मी गॅलरीतून फोटो काढला. मागं "शुभविवाह" ही थर्माकोलची अक्षरं, पुढं बाटल्या, आणि कडेला त्या बादल्या. वधूपित्यानं विचारलं, "हा पण अल्बमात घालणार काय ओ?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता कायद्याचं म्हणाल तर कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्या, फ्लेक्स, थर्माकोलच्या पत्रावळी यांच्यावर २०१६ पासून बंदी आहे. पलीकडं महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आणली. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही आली. निपाणीच्या आठवडी बाजारात उभं राहून बघा, पिशवीला सीमाप्रश्न नाही.

बाटल्या मांडल्या त्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या दारात एक बाई बसली होती. तिचं काम मी बराच वेळ बघत राहिलो. झाकण पिळून काढायचं, ते एका पोत्यात. बाटली पायाखाली चेपायची, ती दुसऱ्या पोत्यात. दोघांचं प्लॅस्टिक वेगळं, भाव वेगळा. आणि मधलं लेबल नखानं फाडून खाली टाकून द्यायचं, त्याला भावच नाही. हल्ली त्या लेबलावर नवरा-नवरीचा फोटो छापतात, लग्नाआधी मीच काढलेला. तिच्या पायाशी त्या जोडप्यांचा खच पडला होता. मी कॅमेरा वर केला, तसं तिनं पदर तोंडावर ओढला. "फोटो ब्याडरी." फोटो नको. मी कॅमेरा खाली घेतला.

फोटो मला हवा होता, खोटं कशाला बोलू. पण मिनामाताचा तो फोटो आठवला. जपानच्या मिनामाता गावात एका कारखान्यानं समुद्रात सोडलेल्या पाऱ्यानं माणसं लुळी झाली. अमेरिकन फोटोग्राफर यूजीन स्मिथनं १९७१ मध्ये तिथं अशाच एका मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचा फोटो काढला आणि जगाला मिनामाता कळलं. ती मुलगी पुढं वारली. फोटो मात्र जिकडंतिकडं छापून येतच राहिला. अखेर १९९८ मध्ये आईवडिलांच्या इच्छेला मान देऊन स्मिथच्या पूर्वीच्या पत्नीनं तो मागं घेतला. तेवढा मोठा फोटो असूनही. माझी तर गोष्टच सोडा. माझ्या चारही प्रिंटांत एकही चेहरा नाही, त्याचं कारण ती बाई.

तिसऱ्या प्रिंटचं दुखणं वेगळं. हिवाळ्यात पहाटे नाल्यावर फेस येतो, आणि सूर्य आडवा असला की तो गुलाबी दिसतो. एक गिऱ्हाईक तो बघून म्हणालं, "मनालीला गेलेलात? ह्याचं कॅलेंडर करून द्या की." मी दोन दिवस गप्प होतो. कॅनडाचा फोटोग्राफर एडवर्ड बर्टिन्स्की, त्यानं १९९६ मध्ये सडबरीतल्या निकेलच्या खाणीचं गाळपाणी टिपलं. काळ्या मातीतून वाहणारा लालभडक ओहोळ, ज्वालामुखीचा रस म्हणावा असा. इतकं देखणं का दाखवता, असं त्यालाही विचारतात. माझं मत अजून हेलकावे खातंय. फेसाचा फोटो काढून टाकावा असं महिन्यातून एकदा वाटतं. आणि तोच तेवढा असा आहे की लोक त्याच्यापुढं उभे राहतात.

चौथा मामांच्या शेतातला. वडगावच्या शिवारात त्यांची काळी जमीन, नाल्याच्या अंगाला. बेळगावचा बासमती म्हणतात तो तिथला. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्ही बघितलाच आहे. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा गुडघाभर आलेलं भात सगळं एका अंगावर निजलं होतं आणि त्यावर गाळ. ताटांना पिशव्या अडकलेल्या, फुलं लागल्यासारख्या. मामा बांधावर बसले होते. म्हणाले, "काढ की फोटो. भात तर गेलंच न्हवं."

एका बाटलीपाशी थांबलो. झाकण घट्ट, पोटात गाळपाणी, आणि लेबल शाबूत. लेबलावर राजहंसगडाच्या तटाला टेकून हसणारं जोडपं. त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं लग्न, मीच काढलेला फोटो. कार्यालय नाल्याच्या वरच्या अंगाला होतं.

जॉर्डनच्या दुसऱ्या कामाची मला तिथं आठवण झाली. २००९ मध्ये तो पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर गेला. तिथं अल्बाट्रॉस पक्ष्यांची पिल्लं मरून पडलेली, आणि कुजलेल्या पोटात बाटल्यांची झाकणं, लायटर, प्लॅस्टिकचे तुकडे. आईबापांनी समुद्रातून खाऊ समजून आणून भरवलेलं. त्यानं जागचा एक तुकडाही हलवला नाही. मी हलवली. बाटली बोटानं फिरवली, चेहरे मातीकडं केले आणि मग फोटो काढला. त्या पोरांचा काय दोष? एवढा की त्यांनी माझ्याकडनं फोटो काढून घेतला. दोषाची वाटणी करायची तर कॅटररपासून माझ्यापर्यंत रांग लागेल, आणि लेबलावरच्या त्या फोटोचे पैसे तर मी घेतलेलेच होते. फिरवायला नको होती असं अजूनही कधी कधी वाटतं. बाटली मी पिशवीत घालून आणली आणि स्टुडिओतल्या फळीवर ठेवली, लेबल भिंतीकडं करून.

अडीच वर्षांनी ती दोघं बाळाच्या जावळाचे फोटो काढायला आली. भिंतीवरच्या फोटोतली बाटली तिनं ओळखली नाही. फळीवरची मात्र सहज हातात घेतली आणि फिरवली.

"अय्या, आमची बाटली! काका, तुम्ही अजून जपून ठेवलाय? आमच्याकडं एकपण राहिली नाही ओ. नेऊ काय?"

"ने की," म्हटलं.

"आत हे काय बसलंय?"

"माती. वडगावची."

तिनं ओढणीनं ती पुसली. बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडं बघेना, तेव्हा नवऱ्यानं तीच बाटली माझ्या डोक्यामागं धरून हलवली. आतला वाळलेला गाळ खुळखुळला. बाळ हसलं. तो फोटो त्यांनी मोठा करून नेला.