लेखनाची खबरबात: दीपगृहाची कथा तिसऱ्या खर्ड्यात

दीपगृहाच्या कथेचा तिसरा खर्डा हातावेगळा झाला. दुसऱ्या खर्ड्याच्या मानाने ती जवळजवळ एक तृतीयांशाने आटली आहे आणि मला ती आता आवडू लागली आहे. मंगळावरच्या बहिणींची कथा मध्यावर आहे. तिसरी एक दीर्घकथा डोक्यात आहे, पण या दोन्ही संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. कथा सुचते कुठून आणि सुरुवात कशी करायची, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. म्हणून या वेळी शब्दसंख्येचा हिशेब थोडक्यात आटोपते आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मला कथा माणसांच्या कामातून सुचते. माणूस दिवसभर हातांनी काय करतो, कशात वाकबगार आहे, कोणती गोष्ट बिघडली की इतरांच्या आधी त्याला कळते, हे समजलं की बाकीचं मागोमाग येतं. प्रेम, वैर, म्हातारपण, पैशाची ओढाताण हे सगळं कथेत हवंच. पण ते कामाच्या आडून आलं की खरं वाटतं, नुसतं समोर उभं केलं की वाचक ते आधीच कुठेतरी वाचल्यासारखं चाळून पुढे जातो. त्यामुळे मी कादंबऱ्यांइतक्याच आवडीने यंत्रांच्या माहितीपुस्तिका, जुने कामकाजाचे नियम आणि कोष्टकं वाचते.

दीपगृहाची कथा अशाच एका कोष्टकातून निघाली. खलाशांसाठी दीपसूच्या छापतात. त्यात प्रत्येक दिव्याची जागा, उंची, प्रकाश किती लांबून दिसतो आणि त्याची लुकलुकण्याची खूण दिलेली असते: अमुक सेकंदांत दोन झोत, मग अंधार, पुन्हा दोन झोत. जवळपासच्या दिव्यांच्या खुणा वेगवेगळ्या ठेवतात, म्हणजे अंधारात नुसते सेकंद मोजून खलाशाला आपण कुठे आहोत हे ओळखता येतं. त्या रकान्यातला आकडा वाचताना माझ्या मनात आलं, की पूर्वी हा आकडा खरा ठेवायला कोणीतरी रात्रभर जागत होतं. तिथे मला माझा माणूस मिळाला.

मग त्याचं काम शिकणं आलं. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने 1822 साली आपलं भिंग मांडलं आणि पुढच्याच वर्षी ते कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं. एकाच जाडजूड काचेऐवजी लोलकांची कडी एकाभोवती एक रचायची, म्हणजे इकडेतिकडे पसरणारा प्रकाश वळून क्षितिजाच्या दिशेने जातो. फिरत्या दिव्यात हा सगळा काचेचा डोलारा घड्याळी यंत्रणेवर फिरायचा. मनोऱ्याच्या पोकळीत एक वजन हळूहळू खाली उतरायचं, त्याच्या ओढीने चक्रं फिरायची आणि वजन तळाला टेकण्याआधी राखणदाराला ते पुन्हा वर ओढावं लागायचं. रात्रीतून अनेकदा. म्हणजे या माणसाची झोप वजनाच्या उंचीवर ठरते. एवढं कळल्यावर त्याच्या संसाराबद्दल मला वेगळा विचार करावाच लागला नाही. त्याची बायको कधी उठते, मुलीला कोणता आवाज ऐकला की झोप लागते, पाहुणे आले की तो बोलता बोलता मध्येच का उठतो, सगळं त्या वजनाला जोडलेलं आहे.

कथेला वळण मिळालं ते गुस्ताव्ह डालेनच्या सूर्यझडपेमुळे. स्वीडनच्या या संशोधकाने ॲसिटिलीन वायूवर चालणाऱ्या दिव्यांसाठी एक झडप केली. तिच्यात मधोमध एक काळी दांडी आणि तिच्याभोवती चकचकीत दांड्या असतात. उजेड पडला की काळी दांडी तो शोषून तापते, इतरांपेक्षा जास्त लांबते आणि वायू बंद करते. अंधार पडला की ती आखडते, वायू सुटतो आणि दिवा आपोआप लागतो. माणूस लागतच नाही. या कामासाठी डालेनला 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका स्फोटात त्याची दृष्टी गेली आणि पारितोषिक त्याच्या वतीने भावाने स्वीकारलं.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे म्हणाले, कथेचा शेवट हाच! मी तो घेतलेला नाही. दिव्यांसाठी झटणारा माणूस आंधळा होतो ही हकिगत इतकी जबरदस्त आहे की ती आत आली की वाचक माझ्या राखणदाराला विसरून जाईल. शिवाय त्या एकाकी मनोऱ्यात राहणाऱ्या माणसाला ही बातमी कळणार कुठून? माझा नियम साधा आहे: पात्राच्या हाताला किंवा कानाला जी माहिती लागते तेवढीच कथेत येते. बाकीची माझ्या वहीत राहते, आणि तिचाही उपयोग होतोच, कारण ती माहीत असली की वाक्यं ठामपणे उतरतात.

पाऱ्याचंही तसंच. नंतरच्या काळात ही अवजड भिंगं पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवत, म्हणजे कित्येक टनांचं ओझं बोटाने ढकललं तरी फिरे. तो पारा राखणदार गाळून साफ करत आणि पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला घातक असते. इथून वेड लागलेला राखणदार काढणं सोपं होतं. पण एकांतात भ्रमिष्ट झालेला दीपगृहवाला वाचकाला सवयीचा झालाय. मला शहाणा, तल्लख, आपलं काम उत्तम करणारा माणूस हवा होता, ज्याची चूक काहीच नाही आणि तरीही ज्याची जागा जाते.

आता भाषेकडे येते, कारण या महिन्यातली खरी मेहनत तिथे झाली. आधीच्या खर्ड्यांत निवेदनात मी राखणदाराला ‘ते’ म्हणत होते. साठीचा माणूस, म्हणून आदरार्थी. त्याने कथा दारातच उभी राहत होती. तिसऱ्या खर्ड्यात ‘तो’ केलं आणि निवेदक एकदम त्याच्या शेजारी जाऊन बसला. मराठीत लिहिणाऱ्याला हा निर्णय पहिल्याच वाक्यात घ्यावा लागतो आणि तो केवळ वयावर ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. वाचकाने त्या माणसाकडे किती अंतरावरून पाहायचं, ते त्या एका सर्वनामावर ठरतं.

संवादातही हेच हत्यार कामी आलं. झडप बसवायला आलेला तरुण मिस्त्री त्याला ‘काका, तुम्ही’ म्हणतो. राखणदार त्याला पहिल्यापासून ‘तू’ म्हणतो, आपल्यातलं जेवायला वाढतो, जिना दाखवतो. काम संपतं, दिवा माणसाविना लागतो, आणि निरोप घेताना राखणदार म्हणतो, ‘या तुम्ही आता. अंधार पडायच्या आत उतरा.’ बस. भांडण नाही, तक्रार नाही. ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं एवढंच. इथे आधी मी राखणदाराच्या मनातला अख्खा परिच्छेद लिहिला होता, तो पूर्ण काढून टाकला.

दुसरी गंमत काळाची. त्याच्या रोजच्या कामासाठी मी रीती भूतकाळ वापरलाय. हा काळ हल्ली कथांत फारसा दिसत नाही, मला तो अतिशय प्रिय आहे. नमुना देते:

‘ऊन कलायला लागलं की तो वर जाई. भिंगावरची आवरणं एकेक करून उतरवी, वात कापी, काचेवर श्वास सोडून फडकं फिरवी. साखळी ओढताना कड्या मोजी. मोजायची गरज नव्हती, तरी मोजी.’

अशी दोन पानं गेल्यावर वाचकाला तो ठेका अंगवळणी पडतो. मग झडप बसल्यानंतरच्या दुपारी काळ बदलतो:

‘त्या दुपारी तो वर गेला. वर करण्यासारखं काही नव्हतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि झडपेच्या काचेवर पालथी घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग भर उन्हात दिवा लागला.’

‘जाई’ वरून ‘गेला’ वर येताना काय तुटलं, ते वेगळं सांगायची गरज उरत नाही. झडपेला रात्र आणि टोपी यांतला फरक कळत नाही, हा यंत्राचा खरा गुणधर्म आहे. मला जे म्हणायचं होतं ते मी त्या गुणधर्माकडूनच म्हणवून घेतलं.

मंगळाची कथा वेगळ्या पेचात आहे. मोठी बहीण मंगळावरच्या तळावर पाणी शुद्ध करणारी यंत्रणा सांभाळते, धाकटी पृथ्वीवर आजारी आईजवळ आहे. दोन ग्रहांमधलं अंतर सतत बदलतं, त्यामुळे एका बाजूचा निरोप दुसरीकडे पोचायला साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. म्हणजे संवाद असा होतच नाही. धाकटी विचारते, ‘ताई, ऑपरेशन करायचं का गं?’ आणि उत्तराऐवजी मोठीचं तिकडून आधीच निघालेलं वाक्य येऊन पडतं, ‘आईला आज जरा बसवलंस का?’ सुरुवातीला मी निरोप पाठवल्याच्या क्रमाने मांडत होते. आता ते पोचल्याच्या क्रमाने मांडतेय, तेही फक्त धाकटीच्या बाजूने. त्यामुळे वाचकालाही तिच्यासारखं ताटकळावं लागतं.

साधारण 26 महिन्यांतून एकदा सूर्य या दोन ग्रहांच्या मध्ये येतो. त्या वेळी सुमारे दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात, कारण सूर्याजवळून जाणारे संदेश बिघडण्याची भीती असते. कथेतला निर्णय मी याच दोन आठवड्यांत ठेवलाय. धाकटीने काय ठरवलं हे मला माहीत आहे. ती ते ताईला कोणत्या शब्दांत कळवते, यावर काम चालू आहे.

आता ज्यांना पहिली कथा लिहायची आहे त्यांच्यासाठी. पात्राचा स्वभाव ठरवत बसू नका, त्याचं काम ठरवा. ‘हळवी, मनस्वी, एकलकोंडी’ अशी विशेषणांची यादी केली की पान पुढे सरकत नाही. त्याऐवजी ती लिफ्ट दुरुस्त करते असं धरा. ती दोराचा आवाज ऐकून बिघाड ओळखते. कोणाच्याही घरी गेली की आधी जिना कुठे आहे ते पाहते. झाली सुरुवात. आणि शक्यतो तुम्ही स्वतः करता ते काम घ्या. हिशेबनीस असाल, परिचारिका असाल, शाळेत शिकवत असाल, तर तुमच्याकडे अशी माहिती आहे जी कुठल्याही लेखकाला महिनोन्महिने खपून मिळत नाही. नाडी मोजताना परिचारिकेचं लक्ष आणखी कशाकशाकडे असतं, हे तिलाच ठाऊक. आपलं काम साहित्यात शोभणार नाही असं मनातसुद्धा आणू नका.

पहिल्या कथेला एक जागा, दोन माणसं आणि एक दुपार पुरे. कादंबरीचा आराखडा खुशाल वहीत ठेवा, पण आधी एक छोटी गोष्ट शेवटापर्यंत न्या. शेवट लिहिल्याशिवाय सुरुवात कशी हवी हे कळत नाही. अर्धवट कथेचं पहिलं पान घासत बसण्यात फार लोकांचा उत्साह संपलेला मी पाहिलाय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

खर्डा झाला की मोठ्याने वाचा, जमलं तर फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे ‘होता, होती, होते’ यांची रांग लागते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच खटकते. काही वाक्यांत क्रियापद आधी आणा, काहींत गाळून टाका. पात्रांचे संवाद दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. वाचणारा जिथे अडखळेल तिथे ते वाक्य कोणी बोलत नाही असं समजा.

वाचायला देताना ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. माणसं भिडस्त असतात, ‘छान’ म्हणतात. ‘कुठे थांबलात? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कोणाचं नाव लक्षात राहिलं नाही?’ असं विचारा. याची उत्तरं वाचक न संकोचता देतो आणि ती लगेच उपयोगी पडतात.

पुढच्या टप्प्यात मंगळाच्या कथेचा उत्तरार्ध पुरा करायचाय. दीपगृहाची कथा एका यंत्र जाणणाऱ्या वाचकाकडे आणि एका यंत्रांशी काहीही देणंघेणं नसलेल्या वाचकाकडे जाईल. एक तपशील अजून हवाय: वजनावर चालणारं जुनं मोठं घड्याळ तुमच्यापैकी कोणी हाताळलं असेल, तर वजन तळाशी येत चाललंय हे न पाहता, नुसत्या आवाजावरून ओळखता येतं का, आणि तो आवाज नेमका कसा बदलतो, तेवढं जरूर कळवा. चौथ्या पानावरचं एक वाक्य त्यासाठी मोकळं ठेवलंय.