घुमणारं चर्च

रविवारी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, मी मागच्या खांबाजवळ माईक-स्पीकरचा मिक्सर घेऊन बसतो, बारावीला फिजिक्स होतं एवढ्याच भांडवलावर फादरांनी हे काम गळ्यात घातलंय. आवाज नीट असला तर मी तिथे आहे हे कुणाच्या गावीही नसतं. माईकने एक शिट्टी मारली की मात्र अख्खं चर्च वळून बघतं, प्रवचनात डुलक्या काढणारेसुद्धा.

चर्च वसईतलं, जुनं, जाड भिंती, उंच छत, खाली गुळगुळीत लादी, म्हणजे आवाजाला कुठे टेकायला जागाच नाही. कॉयर गातं तेव्हा हे घुमणं इतकं सांभाळून घेतं की आमचे वरच्या पट्टीत गाणारे टेनरही सुरात वाटतात, पण फादर बोलायला लागले की एक शब्द दुसऱ्याच्या पाठीवर चढतो आणि 'बंधुभगिनींनो'तलं नुसतं 'ईंनो' मागच्या बाकापर्यंत पोचतं. त्यात कुणीतरी हौसेने मागे दोन बॉक्स लावून दिलेले. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १७ मीटर लांबच्या स्पीकरचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येणार, त्यामुळे मागे बसणाऱ्याला फादर आधी शेजारच्या बॉक्समधून ऐकू येणार आणि मग परत समोरच्या अल्टारकडून.

मला वाटतं चूक सिस्टिमची नाहीच. मिस्सा लोकांच्या भाषेत आणायची वाट ज्यात मोकळी झाली ती कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५, तोवर मिस्सा लॅटिनमध्ये असायची, गायची ती पण संथ लयीत, त्याला हे घुमणं शोभतंच. मिस्सा मराठीत आली आणि शब्द कळायला लागले, किंवा कळायला हवे होते.

लोकांचा उपाय एकच, अंगठा वर करून खुणावायचं, आवाज वाढव. वाढवला की घुमणं पण वाढतं, हे प्रार्थनेच्या मध्येच कुणाला समजावणार? मी उलट केलं, मागचे बॉक्स बंद, कॉलम स्पीकरची तोंडं छताकडे होती (छताला प्रवचन कशाला) ती बाकांकडे वाकवली, फादरांच्या माईकला १०० हर्ट्झखाली लो-कट (म्हणजे खालचा घुमरा आवाज कापायचा), आणि जो माईक कुणी वापरत नाही तो म्यूट. कीबोर्डचा हूंऽऽ मात्र महिनाभर छळत होता, तो ॲडॅप्टर दुसऱ्या बोर्डात लावल्यावर गेला. हे सगळं शनिवारी रात्री रिकाम्या चर्चमध्ये जुळवायचं आणि रविवारी लोक भरले की परत वेगळंच, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. सणाला उभं राहायलाही जागा नसते तेव्हा आमची सिस्टिम सगळ्यात महागडी वाटते.

दोनतीन आठवड्यांनी मिस्सा सुटल्यावर लॅटिनच्या काळातल्या एक आजी मिक्सरपाशी थांबल्या. मी कौतुकाची वाट बघत वायर गुंडाळत होतो.

"काय केलंस रे पोरा? आता फादर काय बोलतात ते सगळं कळतं."

"हो ना आजी."

"पण आधी कसं घुमायचं, देवळात आल्यासारखं वाटायचं."

पुढच्या रविवारी कॉयरच्या चॅनलला मी गुपचूप थोडा रिव्हर्ब, म्हणजे मिक्सरमधलं कृत्रिम घुमणं, दिला. मिक्सरमध्ये त्याचे तयार प्रीसेट आहेत, मी निवडला त्याचं नाव 'कॅथेड्रल'.