हळदी-कुंकू, वारकरी आणि वंचक

पाषाण तलावावर मी जातो ते चालायला. डॉक्टरांनी रोज 40 मिनिटं सांगितली आहेत. त्यातली 25 बांधावर उभं राहण्यात जातात, हे त्यांना कळवायची गरज मला वाटलेली नाही.

सुरुवातीला पाण्यावर मला नुसती ‘बदकं’ दिसायची. मग एका सकाळी रोज येणाऱ्या दुर्बीणवाल्या काकूंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. “हळदी-कुंकू बघा.” काळ्या चोचीच्या टोकाला हळद, कपाळाशी कुंकवाची दोन बोटं! हे नाव कुणा बाईनंच ठेवलं असणार. चैत्रात घरोघरी जाऊन आलेल्या.

तेव्हापासून मला नावांचा नाद लागला. काळ्याकुळकुळीत अंगाचा, कपाळावर पांढरं गंध लावलेला तो वारकरी. हिवाळ्यात यांची गर्दी वाढते, म्हणजे कार्तिकी पाळतात. आषाढीला मात्र दिंडी पांगलेली असते. स्वभावानं अगदीच उलटे. खरे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, हे पाण्यात मागे रेलून एकमेकांना लाथा घालतात. टिबुकली बुडी मारते तेव्हा स्वतःचं नाव सांगूनच मारते.

पण सगळ्यांत चपखल नाव वंचकाचं. मातकट रंगाचा हा बगळा काठावरच्या चिखलात असा उभा राहतो की तुम्ही शेजारून निघून जाल. पाऊल फारच जवळ पडलं की उडतो, आणि मग कळतं, पंख पांढरेशुभ्र! इतका वेळ ते ठेवले कुठे होते? फसवला गेल्याचा असा आनंद दुसऱ्या कुणी दिलेला मला आठवत नाही.

तलावात जलपर्णी माजते. रामनदीतून सांडपाणी येतं, ते खाऊन ती फोफावते. ती काढा म्हणून मीही तावातावानं बोलत असतो. आणि मग त्याच हिरव्या गालिच्यावरून कमळपक्षी चालत येतो. लांबलचक बोटांवर अंगाचा भार पसरून, पानही न बुडवता. यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बापाकडे असतं. आई पुढच्या संसाराला लागलेली असते. काकूंना ही गोष्ट सांगायला फार आवडते, विशेषतः काका सोबत असले की.

परवा बांधाच्या उतारावर मुंगूस दिसलं. पाठमोरं. मी नकळत लहानपणीचं म्हणून गेलो, “मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!” रामनदीच्या पाण्याकाठी तरी ही शपथ लागू पडावी ना? त्यानं शेपटी फुलवली आणि गवतात शिरलं.

“तुम्ही फार जोरात बोलता,” काकू म्हणाल्या.