सव्वाचार सेंटीमीटरचा ऊस

आजचा अख्खा रविवार ऊस लावण्यात गेला. मोहोळच्या रानात नाही, घरातच, पाटाएवढ्या फळीवर.

१:७२ मापाचा पॅटन रणगाडा गेल्या आठवड्यात जोडून झाला, तळहातावर मावतो. आता त्याला चिखलात रुतवायचंय. सप्टेंबर १९६५, पंजाबातल्या असल उत्तरची भारत-पाक लढाई. आपल्या सैन्याने शेतात पाणी सोडलं, उसाआड तोफा लपवल्या आणि पाकिस्तानचे पॅटन चिखलात फसले. याच लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवले. जीप अजून डब्यातच आहे.

तीन मीटरचा ऊस या मापात सव्वाचार सेंटीमीटर होतो. खराट्याच्या काड्या आणि रंगवलेल्या कागदाची पाती. एकेक पातं चिमट्याने चिकटवायचं, तेही पंखा बंद करून, कारण चालू ठेवला की शेत उडतं. सोलापूरचं ऊन आणि बंद पंखा! दुपारी घाम थेट पॅटनच्या बुरुजावर पडला. तरी चाळीस धांडं उभी राहिली.

चिखलासाठी आधी गावाकडची काळी माती चाळली होती. मग लक्षात आलं, पंजाबची माती अशी काळीभोर नाही. शेवटी वाळवलेला चहाचा चोथा, फेविकॉल आणि भुरा रंग. (आईने चोथा दोनदा झाडांना घातला, तो विषय वेगळा.)

संध्याकाळी मामा आले. आयुष्य उसात गेलेला माणूस. चष्मा लावून वाकून बघितलं आणि म्हणाले, "ऊस हाय व्हय ह्यो? मला तर ज्वारी दिसायलीय."

उद्या पाती पुन्हा कापतोय.