हरलेला डाव, उरलेली मिनिटं

ऑनलाइन बुद्धिबळात हरल्याचा राग मला चहा संपेपर्यंत टिकतो. पण जिंकत आलेल्या डावात समोरचा गप्प बसून राहिला की जो राग येतो तो रात्री जेवतानाही असतो. वजीर गेलाय, हत्ती गेलाय, राजा कोपऱ्यात सापडलाय, दोन चालीत मात आहे हे त्यालाही दिसतंय आणि मलाही, आणि इथून पुढं साहेब हलतच नाहीत. दहा मिनिटांचा डाव, त्याच्या घड्याळात अजून सहा मिनिटं शिल्लक, नावाशेजारचा हिरवा ठिपका चालू, म्हणजे नेट गेलं नाही, लाईट गेली नाही, माणूस जागेवर आहे, आणि ही सहा मिनिटं तो आपल्याला बसून बघायला लावणार. त्यात जे पोचलेले असतात ते शेवटचे सात-आठ सेकंद राहिले की टपकन एक चाल करतात. हिशोब असा की तोवर तुम्ही कंटाळून फोन ठेवून भाजीला गेला असणार, आता घड्याळ तुमचं पळणार. काय डोकं आहे बघा, एवढं डोकं डावात लावलं असतं तर वजीर गेला नसता.

साईटवाल्यांना हे ठाऊक आहे. लिचेसवर समोरचा डाव टाकून निघून गेला की थोड्या वेळानं विजय घ्यायचं बटण येतं, चेस डॉट कॉमवर हेच सारखं सारखं करणाऱ्याला ताकीद मिळते. पण खिडकी उघडी ठेवून नुसतं बसलेल्याचं त्या डावापुरतं काय करणार, वेळ त्याची, त्यानं ती कशी घालवायची हा त्याचा प्रश्न. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात तरी डाव सोडण्याबद्दल इतकंच की एकानं पराभव मान्य केला की दुसरा जिंकला आणि डाव तिथंच संपला. तो कधी मान्य करावा याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून ती दुसरी जमात मला पटत नाही, जी चॅटमध्ये येऊन विचारते की अजून का खेळतोयस, सोड की. अरे, का सोडू? तुला मात करता येते ना, मग कर. हरलेला डाव खेळत राहणं आणि हरलेला डाव अडवून बसणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लोक दोघांना एकाच माळेत ओवतात. जो चाली करतोय तो खेळतोय, त्याला कुणी काही बोलू नये असं माझं मत.

माझी भाची राजारामपुरीत क्लासला जाते, तिला सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय की डाव सोडायचा नाही, काहीही झालं तरी. परवा माझ्याशेजारी बसून खेळत होती, तिचा नुसता राजा उरला होता आणि समोर वजीर, हत्ती आणि एक प्यादं. मी म्हटलं, अगं सोड आता, जेवायला बोलावतायत. तर मान वर न करता म्हणते, "मामा, थांब की जरा, त्याला जमत नाहीये." आणि खरंच जमत नव्हतं. तो आपला वजीर इकडून आणतोय, तिकडून आणतोय, ही राजा एक घर सरकवतीय, परत एक घर, आणि शेवटी त्यानं वजीर अशा घरात आणून ठेवला की हिच्या राजाला शह पण नाही आणि हलायला जागा पण नाही. स्टेलमेट. डाव बरोबरीत. आतून वहिनींनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ही खुर्चीवर उभी राहून नाचत होती. त्या बिचाऱ्यानं पुढचा डाव सुरू करायचं धाडस काही केलं नाही.

हे फक्त पोरांचं असतं असंही नाही. 1902 ला माँटे कार्लोच्या स्पर्धेत गेओर्ग मार्को नावाच्या मास्टरनं पोपिएलविरुद्ध डाव सोडला, कारण त्याचा उंट अडकला होता आणि आता तो जाणारच असं त्याला वाटलं. नंतर कळलं की तोच उंट सरळ पांढऱ्याच्या राजाशेजारी जी-एकच्या घरात नेऊन ठेवला असता तर एका दमात मातेची धमकी आणि वजिरावर हल्ला, म्हणजे डाव जिंकलेला होता. जिंकलेला डाव सोडून दिला माणसानं! आणि अलीकडचं म्हणाल तर जून 2025, नॉर्वे चेस स्पर्धा. आपला गुकेश माजी जगज्जेत्या कार्लसनसमोर बराच वेळ हरायच्या बेतात होता, तरी चाली काढत राहिला, घड्याळ पळत होतं, कार्लसन चुकला आणि डाव फिरला. कार्लसननं टेबलावर असा काही गुद्दा मारला की सोंगट्या उडाल्या, तो व्हिडिओ तर आपल्याकडं शेजारणीपर्यंत पोचला होता. पण त्याच व्हिडिओत पुढं बघा, त्यानं हात मिळवला, जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप मारली, आणि गुकेश नंतर म्हणाला की मी पण आयुष्यात पुष्कळ टेबलं आपटलीत. मला तो गुद्दा फारसा खटकला नाही. राग आला, दिसला, संपला. सहा मिनिटं गप्प बसून राहण्यापेक्षा एक गुद्दा परवडला.

आपल्या कोल्हापुरात तर डाव सोडणं ही गोष्टच मुळात पचायला जड. खासबागेत निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत, खालचा पैलवान काय हात वर करून 'हरलो बाबा' म्हणत नाही, वरच्यानं चितपट करायची, मग निकाल. त्यामुळं आमच्या तालमीच्या कट्ट्यावर कुणी मोबाईलवर रिझाइन, म्हणजे डाव सोडायचं बटण, दाबलं की बाकीचे असं बघतात जणू घराची किल्ली देऊन आला. पण त्याच खासबागेत दोघं नुसती खडाखडी करत बसले, डावच टाकेनात, तर पब्लिक काय करतंय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनी ऐकलंय, इथं लिहिता यायचं नाही. ऑनलाइनला तेवढं पब्लिक पाहिजे होतं बघा.

जिंकणाऱ्यानं कसं वागायचं हे मात्र कुणी बोलत नाही. मात दोन चालीत असते, पण ह्यांना आधी समोरचं शेवटचं प्यादं मारायचंय, मग आपली चारी प्यादी पलीकडं नेऊन चार वजीर करायचेत, मग मात. वर 'ईझी' लिहायचं. जुन्या देशी बुद्धिबळात ह्याला चांगला चाप होता. समोरच्याचं सगळं मारून त्याचा नुसता राजा उरवला की डाव बुर्जी, मग जिंकल्याचा पूर्ण मान मिळायचा नाही. म्हणजे त्याच्याकडं काहीतरी शिल्लक ठेवूनच मात करायला लागायची, आणि ती प्याद्यानं केली तर मग काय, मिशीला पीळच. हावरट माणसाला तिथं काम नव्हतं. हा नियम एखाद्या साईटनं परत आणला तर मी पैसे भरून मेंबर व्हायला तयार आहे.

आणि झटकन सोडणारे? एक घोडा गेला की डाव सोडायचा झेंडा दाबून पसार. पहिल्यांदा वाटतं चला, जिंकलो, मग वाटतं की अरे, मी तेरा चाली डोकं लावून तो सापळा रचला होता, मला तो शेवटपर्यंत बघायचा होता की. 1956 ला न्यूयॉर्कमध्ये 13 वर्षांच्या बॉबी फिशरनं 17 व्या चालीला चक्क वजीर देऊन टाकला होता. समोर डोनाल्ड बर्न, तयारीचा मास्टर, त्याला पुढं काय वाढून ठेवलंय ते मातेच्या कितीतरी आधी कळलं असणार. मास्टर लोक असा डाव सोडून मोकळे होतात. ह्यानं सोडला नाही, 41 व्या चालीला पोराला पटावर मात करू दिली. आज तो डाव छापला जातो तो मातेसकट.

मला स्वतःला लिचेसवरचं ते समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद टाकायचं बटण फार आवडतं. कुणाचं नेट जरा अडखळलंय असं वाटलं की मी टाकतो. कधी कधी त्याच पंधरा सेकंदात तो मला हरवतो, तेव्हा बटण जरा कमी आवडतं.

आता ह्या सगळ्यात एकच केस मला सुटत नाही, ती आमच्या गल्लीतल्या तात्यांची. तात्या रिटायर झाल्यापासून डेली खेळतात, म्हणजे एका चालीला तीन दिवस मिळतात तो प्रकार. जिंकत असले की दिवसाला दहा चाली, चहाच्या टपरीवर, बँकेच्या लाईनीत, कुठंही. आणि हरायला लागले की प्रत्येक चालीला पुरते तीन दिवस. मी म्हटलं, तात्या, हे काही बरोबर नाही, तो बिचारा ब्राझीलमधला माणूस वाट बघत असेल. तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मी नियमात आहे का नाही? आणि हे बघ, मी विचार करतोय." काय विचार करताय? तुमच्याकडं एक राजा आणि दोन प्यादी उरलीत. "तेच तर, कुठलं प्यादं हलवायचं ह्याचाच विचार चाललाय." हा डाव गणपतीच्या आधी हरलेला आहे. तात्यांच्या हिशोबानं मात दिवाळीच्या पाडव्याला बसते, आणि मधे साईटनं सुट्टी घ्यायची सोय दिलीय ती त्यांना मीच दाखवली असं ते सगळ्यांना सांगत फिरतायत.